चढणीवरची अपुरी घरं

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मंडईवर नवं छप्पर घालायचं की चढणीवर पाण्याची लाइन न्यायची, यावरून नगरपालिकेत वर्षभर वाद चालला होता. त्याच वर्षी मिस्त्रीने स्वतःच्या घराला गिलावा केला आणि सगळी चढण त्याच्याशी बोलेनाशी झाली.

गिलावा करण्यात बोलणं तोडण्यासारखं काय होतं, हे कळायला ती चढण पाहिलेली हवी. तिथे एकही घर पुरं नव्हतं. बाहेरून नुसत्या उघड्या विटा, आणि गच्चीवर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या लोखंडी सळया. सळयांना गंज चढू नये म्हणून त्यांच्या टोकांवर रिकामे डबे उपडे घातलेले. वारा सुटला की ते डबे असे खडखडत, की नव्या माणसाला वाटावं, वर कुणीतरी भांडी घासतंय. पण आत पाऊल टाकलं तर फरशी आरशासारखी, खिडक्यांना पडदे, भिंतींना रंग. घरं आतून पुरी होती आणि बाहेरून मुद्दाम अपुरी ठेवलेली होती.

कारण घरपट्टी. बाहेरचा गिलावा झाला आणि सळया कापल्या, की नगरपालिका घर पुरं झालं असं धरत असे आणि पूर्ण घरपट्टी लागू होई. तोपर्यंत ते ‘बांधकाम चालू’. त्यावर नुसती जागेची पट्टी, ती अगदी चिल्लर.

ही शक्कल मिस्त्रीचीच. तो काही लबाड माणूस नव्हता. चढण नवी वसत होती तेव्हा रस्त्यासाठी म्हणून नगरपालिकेने घरटी आगाऊ पैसे घेतले होते. रस्ता झालाच नाही. त्याऐवजी नगरपालिकेच्या दारात एक कारंजं झालं, त्यात दगडी मासे, आणि माशांच्या तोंडातून पाणी. त्या कारंज्याने चढणीच्या लोकांच्या नाकाला जी मिरची झोंबली ती झोंबलीच. एका संध्याकाळी तारमास्तरांच्या ओट्यावर बसून मिस्त्री म्हणाला होता, “घरं पुरी करायचीच नाहीत. बघू, कुणाकडून पट्टी घेतात ते!” सगळे पोट धरधरून हसले. आणि मग खरोखरच कुणी घर पुरं केलं नाही.

मिस्त्रीच्या बायकोला सगळी चढण वहिनी म्हणायची, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. ती लग्न होऊन आली तेव्हा विटांच्या भिंतीकडे पाहून तिला वाटलं होतं, वर्षभरात होईल काम. वर्षांमागून वर्षं गेली. मिस्त्री खालच्या गावातल्या बंगल्यांना असा गिलावा करायचा, की त्यावरून हात फिरवला तर रेशमावरून फिरवल्यासारखं वाटे. आणि स्वतःच्या दाराशी टेकून उभं राहिलं तर विटेने कोपर सोलून निघे. वहिनी चिडवायची, “लोकांच्या भिंतींचे लाड करता, आपलीने काय घोडं मारलंय?” तो नुसता हसायचा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि त्या पलंगाला खिळल्या. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, “उजवी बाजू गेली खरी. जीभ मधोमध होती म्हणून वाचली.” ती जीभ मिस्त्रीला सोडत नव्हती, शेजाऱ्यांना सोडत नव्हती, फक्त सुनेच्या वाटेला ती क्वचित जाई. त्या दोघींचं काय ते त्यांनाच ठाऊक. सकाळी चादरी बदलताना दोघी कशाला तरी हसत असायच्या, आणि मिस्त्रीने “काय झालं?” विचारलं, की “तुझ्या कामाचं नाही,” असं उत्तर मिळायचं.

पाणी खाली, पिठाच्या गिरणीशेजारच्या सार्वजनिक नळावर. तिथून चढ चढून आणायचं. पलंगावरच्या माणसाच्या घरात पाणी किती लागतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. चादरी, कपडे, पुसणं, पुन्हा चादरी. वहिनीच्या तळहाताला बादलीच्या कडीचा वळ पडला होता, तो कधी जातच नव्हता.

थंडी सरता सरता शिवणबाई चढणीवर आल्या. त्या शिवणाचा क्लास चालवायच्या आणि त्या भागातून नगरपालिकेवर निवडून आल्या होत्या. बैठक तारमास्तरांच्या ओट्यावर भरली. तारमास्तर तार ऑफिसातून निवृत्त झालेले, चढणीवरचे वडीलधारे, आणि शब्द मोजून बोलायची नोकरीतली सवय घरी पार विसरलेले.

“बसा बाई,” ते म्हणाले. “खुर्ची पुरी आहे, घाबरू नका.”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, “हसून घ्या. तिकडे तुमचंच हसं झालंय. मी सभेत म्हटलं, चढणीवर पाणी द्या, बायका वाकून गेल्यात. मुख्याधिकाऱ्यांनी नकाशा उलगडला आणि मलाच विचारलं, बाई, तिथे राहतं कोण? सगळी बांधकामं चालू आहेत. चालू बांधकामाला नळ देता येत नाही. लोक राहायला गेले की बघू.”

ओट्यावरचं हसू थांबलं.

“म्हणजे आम्ही नाहीच?” चहाचे कप घेऊन दारात उभी असलेली वहिनी एकदम बोलून गेली.

“मतं मागायला येतो तेव्हा आहात,” शिवणबाई म्हणाल्या. “नकाशावर नाही. ह्या अंदाजपत्रकात पैसे एकाच कामापुरते आहेत. निम्म्याहून जास्त घरांनी पुरं झाल्याचा दाखला घेतला, तर मी लाइनसाठी भांडते. नाहीतर पैसे मंडईच्या छपराला जातील. आणि मंडईचं काम काही वाईट नाही हो. पावसात भाजीवाल्या भिजतात. माझी सख्खी बहीण भिजते.”

“आधी पाणी द्या, मग गिलावा,” तारमास्तर म्हणाले.

“ते म्हणतात आधी गिलावा.”

“आणि गिलावा झाल्यावर दुसरं कारंजं बांधलं तर? ह्या खेपेला दगडी बदकं!”

“मी सांगते ना, नाही होणार तसं.”

“तुम्ही पुढच्या खेपेला निवडून याल, हे कोण सांगतंय?”

सगळ्यांच्या माना मिस्त्रीकडे वळल्या. त्याची शक्कल, त्यामुळे शब्दही त्याचा. त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “एकदा फसलो. दुसऱ्यांदा फसायची हौस नाही. माझं घर आहे तसंच राहील.”

“शाब्बास!” तारमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शिवणबाई पिशवी उचलून निघाल्या. उतारावरून जाताना त्यांची चप्पल सरकली, तेव्हा वहिनीनेच धावत जाऊन त्यांना हात दिला.

त्यानंतर काही दिवसांनी दवाखान्यातली सिस्टर सासूबाईंना बघायला आली. तिने त्यांची कातडी चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली, लघवीचं भांडं पाहिलं आणि वहिनीला बाहेर बोलावलं.

“ह्या पाणी किती पितात?”

“मागतात तेव्हा देते की.”

“मागतात कधी?”

वहिनी मनात दिवस मोजू लागली. सकाळी चहा. दुपारी जेवताना घोटभर. त्यानंतर? तिला आठवेना. पलंगाजवळ पेला भरलेला असायचा आणि संध्याकाळी ती तो झाडांना ओतून नव्याने भरायची. दिवसच्या दिवस ती भरलेला पेला ओतत होती आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मूत्रपिंडं थकत चाललीत,” सिस्टर म्हणाली. “भरपूर पाजा. असंच राहिलं तर अवघड आहे.”

वहिनी आत गेली, पेला उचलला आणि सासूबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

“आई, प्या.”

“तहान नाही गं.”

“ओठ फुटलेत तुमचे आणि तहान नाही?”

सासूबाई त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात, पण हळू आवाजात म्हणाल्या, “मी पेलाभर प्यायले, की तू बादल्या वाहायच्या. हा कुठला न्याय? नरड्याला काय, होते सवय. तुझी कंबर मोडली तर मला कोण उठवेल, तुझा नवरा? तो मला भिंतीसारखं थापीने सारखं करील.”

वहिनीला हसू आलं, आणि ते हसू कधी रडण्यावर गेलं ते तिला कळलं नाही. सासूबाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. “रडू नको. तेवढंच पाणी वाया,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिने मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हात धूत राहिला. “उद्यापासून कामावर जायच्या आधी मी पाणी आणतो,” तो म्हणाला.

“मग तुमच्यासाठी प्यायच्या थांबतील. पाणी कुणी वाहतंय तोवर त्या पिणार नाहीत. तुमचीच आई आहे, मी सांगायला हवं?”

“अगं, सगळ्यांसमोर बोललोय मी. मीच सगळ्यांना ह्या वाटेला लावलं. आता मीच तोंड फिरवू?”

“तोंड आईंनी फिरवलंय, पाण्याकडे पाहून,” वहिनी म्हणाली. मिस्त्री गच्चीवर निघून गेला. तो तिथे नुसता बसून राहिला, जेवायला हाक मारली तरी आला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीने त्याची घमेली बाहेर काढली. परसात उरलेली वाळू होती, सिमेंटचं अर्धं पोतं होतं. तिने आयुष्यभर हे काम लांबून पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. अंदाजाने माल कालवला, थापी घेतली आणि दर्शनी भिंतीवर फटाफट मारायला सुरुवात केली. निम्मा माल तिच्या पायावर पडला, उरलेला भिंतीला चिकटला, तोही ठिकठिकाणी टेंगळं आल्यासारखा. चढणीवरचे लोक दारात येऊन उभे राहिले. तारमास्तर वर्तमानपत्र हातात घेऊन ओट्याच्या कडेला आले.

आवाजाने मिस्त्री बाहेर आला. “हे काय चाललंय?”

“गिलावा.”

“हा गिलावा?” त्याचा आवाजच फाटला. “भिंत भिजवलीस का आधी? कोरड्या विटेवर माल मारला तर वीट त्यातलं सगळं पाणी पिऊन टाकते. उद्या पापुद्रे सुटून पडतील! आणि वाळू चाळलीस का? खडे आहेत त्यात!”

“मला काय माहीत? मी काय मिस्त्री आहे?” वहिनीने पुढची थापी मारली. ती आधीच्याहून वाकडी गेली.

ती मुद्दाम वाकडी मारत होती की तिला तसंच येत होतं, हे तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. पण तिला आपला नवरा ठाऊक होता. त्याला शिव्या दिलेल्या चालत, मजुरी बुडालेली चालत. वाकडी भिंत डोळ्यांसमोर राहिलेली चालत नसे. तो तिथे उभा राहिला, मुठी वळल्या, सोडल्या. मग पुढे झाला आणि तिच्या हातातून थापी काढून घेतली.

“सरक बाजूला,” तो म्हणाला. “पाणी आण.”

त्याने तिने मारलेला माल खरवडून काढला, भिंत भिजवली, ओळंबा सोडला आणि कामाला लागला. तारमास्तर ओट्यावरून ओरडले, “काय रे मिस्त्री, हाताला खाज सुटली वाटतं?” त्याने वळून पाहिलं नाही.

आतून सासूबाई विचारत होत्या, “कसला आवाज?” वहिनीने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “असं का? मग आधी भिंतीला पाजा. माझं नंतर बघू.”

आणि तसंच झालं. नवा गिलावा कितीतरी दिवस ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. ज्या घरात प्यायला पाणी वाहून आणायचं, तिथे आता भिंतींनाही वाहून आणायचं. मिस्त्री कामावरून आला की बादल्या घेऊन खाली जायचा. चारही भिंती झाल्यावर त्याने गच्चीवर चढून करवतीने सळया कापल्या. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो करकर आवाज सगळ्या चढणीने ऐकला. भिंत लपवता येते, उद्या फोडताही येते. कापलेली सळई परत वाढत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नळावरच्या बायका वहिनीला पाहून गप्प व्हायला लागल्या. रांग तीच, नळ तोच, फक्त तिच्याशी कुणी बोलायचं नाही. तारमास्तरांच्या ओट्यावर मिस्त्रीच्या जागी पोतं ठेवलं गेलं.

सळया कापल्या त्या दिवशी मिस्त्री हातही न धुता आईपाशी जाऊन बसला. “आई, घर पुरं झालं. आता पी.”

“नळ कुठाय?”

“येईल. बाईंनी सांगितलंय.”

“तुझा बाईंवर विश्वास आहे?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “पण तू पी.”

सासूबाईंनी त्याच्या सिमेंटने फुटलेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्या पेलाभर पाणी प्यायल्या, सगळं, एका दमात, लहान मुलासारखं हनुवटीवर सांडत. त्या दिवसापासून त्या पिऊ लागल्या. सिस्टर म्हणाली, बरं झालं. पण तिने पुढचं काही सांगितलं नाही, आणि वहिनीने विचारलं नाही.

ज्यांच्या घरात लहान मुलं होती अशा काही घरांनी मिस्त्रीच्या मागोमाग गिलावा करून घेतला. तो सुट्टीच्या दिवशी त्यांचं काम करायचा, मजुरी न घेता. पण पुऱ्या घरांचा आकडा निम्म्यावर काही गेला नाही. तारमास्तरांच्या बाजूचे लोक जागचे हलले नाहीत.

अंदाजपत्रकाच्या सभेत शिवणबाई भांडल्या आणि हरल्या. ते सांगायला त्या कुणाला न पाठवता स्वतः चढण चढून आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मंडईला गेले पैसे. मला पाचच मतं पडली.” वहिनीने त्यांना आत बसवलं. सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, “तुमची बहीण आता भिजणार नाही ना?” बाई म्हणाल्या, “नाही.” “मग झालं तर. कुणीतरी कोरडं राहील,” सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात मिस्त्रीला घरपट्टीचं बिल आलं, पूर्ण घराचं. त्याला जोडून पाणीपट्टी. पुऱ्या झालेल्या प्रत्येक घराला ती लागायचीच, नळ असो वा नसो. तारमास्तरांच्या हातात ते बिल कसं पडलं कोण जाणे. त्यांनी ओट्यावर उभं राहून ते तारेसारखं वाचून दाखवलं. “नळ नाही, पूर्णविराम. पट्टी आहे, पूर्णविराम!” लोक खो खो हसले. मिस्त्री समोरून पाण्याच्या बादल्या घेऊन चढत होता. तो थांबला, दम घेतला आणि पुढे गेला. त्याने ते बिल भरलं.

उन्हाळा चढला तशा सासूबाई सुजायला लागल्या. आता त्या पाणी मागत होत्या आणि सिस्टर म्हणत होती, बेताने द्या. त्यावरही त्यांनी टोमणा मारला: “पीत नव्हते तेव्हा मागे लागलात, आता मागते तर हात आखडता घेता!” वहिनी ओल्या फडक्याने त्यांचे ओठ टिपत राही. एका दुपारी, घरात तिसरं कुणी नसताना, सासूबाईंनी तिचा हात धरला, काहीतरी बोलल्या, आणि तिने कान जवळ नेईपर्यंत त्या गेल्या होत्या.

मिस्त्रीला कामावरून बोलावून आणलं. आंघोळ घालायची होती, आणि घरात पाणी होतं तळाशी उरलेलं, अर्धी बादलीसुद्धा नाही. वहिनीने बादल्या उचलल्या. ज्या बाईने दोन वर्षं घोट मोजून काढले, तिला आज तरी मोजून घालायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ती दाराबाहेर आली आणि थबकली. उतारावरून तारमास्तर चढत होते. हातात बादली, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा लालबुंद. त्या घरात इतकी वर्षं पाणी त्यांची बायको भरत होती. त्यांनी बादली उचललेली कुणी पाहिली नव्हती. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. त्यांच्या मागे त्यांची बायको, तिच्या मागे गिरणीशेजारच्या रांगेतल्या सगळ्या बायका, एकेक बादली घेऊन.

तारमास्तरांनी बादली दारात ठेवली आणि भिंतीला हात टेकून धापा टाकत उभे राहिले. “हे एवढं...” ते म्हणाले. “रोज?”

“रोज,” वहिनी म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. मग बादली उचलून पुन्हा उतार उतरू लागले.

वहिनीने आणि त्या बायकांनी सासूबाईंना न्हाऊ घातलं. केसांतून पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, फरशीवरून उंबऱ्याबाहेर वाहत गेलं तरी कुणी हात आवरला नाही. मिस्त्री पाठ करून दारात उभा होता. त्याच्या पायांवरून ते पाणी चढणीवर गेलं.

आठवडाभराने तारमास्तर आले. “माझ्या भिंतीला कधी हात लावतोस?” त्यांनी विचारलं.

“भिजवून ठेवा,” मिस्त्री म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी येतो.”

पाऊस सरेपर्यंत चढणीवरची जवळजवळ सगळी घरं पुरी झाली. नकाशावर माणसं आली. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पाण्याची लाइन मंजूर झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी नळ आले, दिवसाआड, तासभर, करंगळीएवढ्या धारेचे.

शिवणबाई पुढच्या निवडणुकीत पडल्या. खालच्या गावाने त्यांना चढणीच्या बाई ठरवलं होतं, आणि चढणीची मतं पुरली नाहीत. त्यांनी क्लास चालू ठेवला; वहिनी कधी कधी काजं करायला तिथे जाऊन बसायची. मंडईचं छप्पर चांगलं झालं, अजून आहे. तारमास्तर मरेपर्यंत घरपट्टीवर हरकतींचे अर्ज करत राहिले. प्रत्येक वेळी ते फेटाळले गेले आणि प्रत्येक वेळी त्यांनी पट्टी मुदतीत भरली. सिस्टर बदली होऊन दुसऱ्या गावी गेली.

मिस्त्रीच्या छातीत सिमेंट बसलं होतं. पन्नाशी उलटल्यावर त्याला चढण चढवेना, आणि शेवटची वर्षं त्याने घराबाहेर काम केलं नाही. वहिनी त्याच्यानंतर पुष्कळ जगली. अंदाजपत्रकाची सभा असली की ती नगरपालिकेत जाऊन लोकांसाठी ठेवलेल्या मागच्या बाकावर, नकाशा उलगडणाऱ्याला दिसेल अशी बसायची. बोलायची नाही, कुणाला काही विचारायची नाही. पाय धरले आणि जिना चढवेनासा झाला, तेव्हा तिने जाणं बंद केलं.